वरून उघडी विहीर

नौदलातून निवृत्त होऊन पिंपळीला परतलो, तेव्हा शाळेनं मला पाणबुडीवर बोलायला बोलावलं. उभी नोकरी पाणबुडीत गेलेली, म्हणून मी मनापासून तयारी केली. सुरुवातीची पाणबुडी म्हणजे लाकडी पिंपच, आत एकच माणूस आणि हातानं फिरवायचा दांडा, इथून सुरुवात केली. पुढं पेट्रोलचं इंजिन आलं आणि त्याच्या धुरानं आतली माणसं गुदमरू लागली. त्यातल्या विषारी वायूला ना रंग ना वास, म्हणून खलाशी पिंजऱ्यात पांढरे उंदीर नेत. उंदीर लुळे पडले की वर यायचं. गावाच्या लक्षात राहिले फक्त उंदीर. त्या दिवसापासून मी ‘उंदीरवाला’ झालो.

यंदाच्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या भावाच्या, तात्याच्या, विहिरीचं पाणी खोल गेलं. गाळ काढायचा तर आधी पाणी उपसायला हवं, आणि वर ठेवलेला पंप पाणी ओढेना. तात्यानं ठरवलं, पेट्रोलचं इंजिनच दोरानं खाली सोडायचं आणि त्याच्याशेजारी उभं राहून गाळ भरायचा. माझं डोकंच फिरलं. पाणबुडी पाण्यावर असतानाच इंजिन चालवायचं, खाली गेल्यावर बॅटरीची मोटर, एवढं कळायला किती खलाशांचे जीव गेले, ते मी त्याला ओरडून सांगितलं.

तो शांतपणे म्हणाला, "तुजी पाणबुडी बंद आस्ती. हीर वरनं उघडी हाय."

उघडी असली तरी तळाशी वारं फिरत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. शेवटी मी विजेची मोटर आणेपर्यंत थांबायचं त्यानं कबूल केलं आणि मी इंदापूरला गेलो. मोटर घेऊन परतलो, तर विहिरीतून इंजिनाचा आवाज येत होता. काठावरून वहिनी हाका मारत होती आणि खालून ओ येत नव्हती. कमरेला दोर होता म्हणून आम्ही त्याला ओढून वर काढू शकलो. बारामतीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, इंजिनाचा धूर.

घरी आल्यावर तात्या गावभर सांगत सुटला की ऊन लागलं. लोकांनीही माना डोलावल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मरता मरता वाचलेला माणूस खोटं बोलतो, ते कशासाठी? तर धाकट्याचं खरं निघालं, हे तोंडानं म्हणावं लागू नये म्हणून!

परवा शेजारचा शेतकरी तेच इंजिन मागायला आला. त्यालाही ते विहिरीत सोडायचं होतं. तात्यानं माझ्यादेखत हो म्हटलं, वर त्याला बजावलं, "टोपी घालून उतर. ऊन लय हाय."

मी ओट्यावरून उठलो आणि तडक इंजिनाकडं गेलो. मागून तात्याचा आरडाओरडा चालू होता. प्लग काढायचा पाना मला वहिनीनं आणून दिला.