पंचमीचे पाणी

वसईच्या खाडीत शिडाच्या नौका बाळगणाऱ्या हौशी मंडळींचा एक क्लब आहे. त्यांच्या वार्षिक मेळाव्यात सागरपूजन करून नौकांची फेरी सोडावयाची होती. मुहूर्त मीच काढून दिला होता: पंचमी, सकाळी दहा.

दहा वाजता पांढऱ्या टोप्या घातलेले सर्व सभासद धक्क्यावर सिद्ध होते आणि त्यांच्या सातही नौका ओहोटीच्या चिखलात कलंडून पडल्या होत्या.

"गुरुजी, आता काय करायचं?" अध्यक्षांनी अत्यंत नम्रपणे विचारले. पन्नास वर्षांच्या पौरोहित्यात प्रथमच मी स्वतः दिलेला मुहूर्त पंचांगात पुन्हा पडताळू लागलो.

शेजारी एक वृद्ध कोळी जाळे सांधत बसला होता. दातांत दोरा धरूनच तो म्हणाला, "शेट, गुरुजींनी येळ पूजेची दिलीय, होड्या सोडायची नाय. पूजा करून जेवून घ्या. एकला होड्या उचलण्यापुरतं पानी येल."

अध्यक्षांचे समाधान झाले. पूजा यथासांग पार पडली आणि मंडळी भोजनाला गेली.

मी त्या वृद्धाजवळ जाऊन विचारले, "पाण्याची वेळ आपणांस कशी कळते?"

"तिथीची पाऊनपट करायची, गुरुजी. आज पंचमी, पाचाचे पावनेचार. पावनेचारला पुरी भरती, तिच्या सहा तास आदी ओहोटी, म्हंजी दहाला चिखल."

आयुष्यभर मी तिथी सांगत आलो. त्याच तिथी समुद्रही पाळतो, हे मला ठाऊक नव्हते. मी वाकून नमस्कार केला.

माझे काही पडले असावे, असे वाटून तो जाळे उचलून खाली शोधू लागला.