मोरी तोंड उघडून फिरते

मागच्या हिवाळ्यात माझी पक्की समजूत झाली होती की माझ्या सासऱ्यांच्या डोक्यावर परिणाम होत चाललाय. समजूत तेवढी पक्की होती, बाकी सगळा गोंधळ होता.

अप्पा कोकणातून आमच्याकडे गुरुग्रामला आले ते दिवाळीनंतर. सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. नवरा कामासाठी बंगळुरूला, म्हणजे रविवारी फोनवर. घरात मी, बारा वर्षांची मुलगी आणि चौदाव्या मजल्यावरून दिसणारं धुरकं. मी ऑफिसातून साडेआठला यायची. मुलगी तोवर जेवून आपल्या खोलीत हेडफोन लावून बसलेली असायची. अप्पा मात्र टेबलाशी माझी वाट बघत असायचे. मी बसले की तेही ताट घ्यायचे, त्यात अर्धी पोळी वाढून घ्यायचे आणि तिचे बारीक बारीक तुकडे करत बसायचे. एकही तुकडा तोंडात जायचा नाही.

एकदा असेच तुकडे मोडता मोडता म्हणाले, "मोरी तोंड उघडून फिरते. पण चावत कुणाला नाही."

मी पुण्याची. आमच्याकडे मोरी म्हणजे भांडी घासायची, पाय धुवायची जागा. ती एका कोपऱ्यात असते आणि फिरत नाही. मी "हो का" म्हटलं आणि जेवण झाल्यावर गुपचूप मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारची जाळी बघून आले. जाळी जागेवर होती. दोन दिवसांनी ते म्हणाले, "तोंड एवढं मोठं, की आपली नात आत मांडी घालून बसेल." मग मात्र मी सोसायटीच्या प्लंबरला बोलावलं. त्याने जाळी उचकटली, केसांचा एक गुंता आणि एक बटण काढून माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, "मैडम, नाली एकदम ठीक है." नाली ठीक होती, म्हणजे बिघाड दुसरीकडे होता.

मी अप्पांची वाक्यं फोनमध्ये लिहून ठेवायला लागले. आयटीत पंधरा वर्षं काढलेलं माणूस दुसरं काय करणार? काही बिघडलं की आधी नोंद. ऊन खातेय असं लोकांना वाटतं, पण ती खरं तर जेवत असते, हे एकदा. हिवाळ्यात ती जेवत नाही, तळाशी झोपून राहते असं पूर्वी म्हणायचे, हे एकदा. मोरी कोपर्निकस खाते, हे दोनदा. राजधानीतल्या कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं अतिथिगृह आहे, तिथे अप्पा नोकरीत असताना साहेबांबरोबर एकदा राहिले होते, एवढं मला माहीत होतं. तिथली एखादी तुंबलेली मोरी मनात राहिली असेल, असं मी स्वतःला समजावलं. "तिचं काळीज केवढं मोठं, म्हणून ती बुडत नाही," असंही एका संध्याकाळी म्हणाले. ते सासूबाईंबद्दल असणार असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तेही मी लिहून ठेवलं.

या सगळ्यात मी त्यांना एकदाही "म्हणजे काय?" असं विचारलं नाही. म्हातारं माणूस काही चमत्कारिक बोललं की आपण मान डोलावतो, आणि त्यालाच जपणं म्हणतो. मुलीला तर मुळीच विचारलं नाही, उगाच घाबरेल म्हणून. नवऱ्याला फोनवर एवढंच सांगितलं की अप्पा हल्ली असंबद्ध बोलतात आणि जेवत नाहीत. तो म्हणाला, "दाखवून आण. खरंच तसं काही निघालं तर मग काळजी घेणारं एखादं ठिकाण बघू." ते ठिकाण म्हणजे काय हे दोघांनाही कळलं, आणि दोघांनीही विषय बदलला.

दाखवायला नेलं तेव्हा धुरामुळे शाळा बंद होत्या, म्हणून मुलगीही बरोबर आली. अप्पांना मी रूटीन चेकअप म्हणून सांगितलं होतं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी मला विचारलं, "कैसी बातें करते हैं?" मी फोन काढला आणि शक्य तितक्या चांगल्या हिंदीत वाचायला लागले.

"कहते हैं, नाली मुँह खोलकर घूमती है. मगर काटती नहीं."

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या.

"नाली का कलेजा बहुत बड़ा है, इसलिए डूबती नहीं. और नाली कोपर्निकस खाती है."

त्यांनी पेन खाली ठेवलं. अप्पा माझ्याकडे बघत होते. हिंदी त्यांना बोलायला जड जातं, पण समजतं सगळं. "नाली?" ते हळूच म्हणाले.

"मम्मी, मोरी मतलब शार्क," मुलगी म्हणाली. "बास्किंग शार्क, यार. माझा प्रोजेक्ट आहे ना, आजोबा हेल्प करतात. आणि आजोबा, कोपर्निकस नाही, कोपेपॉड."

अप्पांची सगळी नोकरी किनाऱ्यावरच्या मत्स्य खात्याच्या कचेरीत गेली. त्यांच्या गावात मोरी ही एका माशाचीच जात आहे, आणि तिचं मटणासारखं कालवण करतात. लग्नाला चौदा वर्षं होऊनही माझी मजल सुरमई-पापलेटापुढे गेली नव्हती. दुपारी मुलगी इंग्रजीतून वाचायची, तिच्या अर्ध्या हिंदी-अर्ध्या मराठीत आजोबांना सांगायची, आणि संध्याकाळी तेच अप्पा मला चांगल्या मराठीत सांगायचे. मुलीला भांडी घासायची मोरी माहीत नव्हती, मला पोहणारी माहीत नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "अंकलजी, बताइए." अप्पांनी हातवारे करत मोडक्या हिंदीत सांगितलं. आमच्या समुद्रातली मोरी नाही ही, थंड पाण्यातली, बसएवढी. पाण्याच्या वरच्या थरात सावकाश पोहत राहते, पाठीवरचा पर बाहेर. तिचं तोंड कसं उघडं असतं ते दाखवायला त्यांनी तिथेच आ वासला. तोंडातून पाणी आत, कल्ल्यांतून बाहेर. कल्ल्यांत फणीसारखे दाते असतात, त्यांत तिळाएवढे जीव, म्हणजे ते कोपेपॉड, अडकतात, तेवढंच तिचं जेवण. ती पाणी ओढून घेत नाही, म्हणून थांबली की उपाशी. काळीज म्हणजे यकृत, त्यात तेल भरलेलं, त्याने ती तरंगायला हलकी होते. हिवाळ्यात दिसेनाशी होते म्हणून लोकांना वाटायचं की तिचे ते दाते झडतात आणि ती न जेवता तळाशी पडून राहते. प्रत्यक्षात ती खोल पाण्यात, लांब कुठेतरी गेलेली असते. "वहाँ कोई देखता नहीं था," अप्पा म्हणाले.

मग त्यांनी तारीख बरोबर सांगितली, घड्याळाचे काटे बरोबर काढले, शंभरातून सात सात वजा करत गेले. सगळं ठीक होतं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त माझ्या हातातला फोन कुठे ठेवू ते कळेना.

कॅबमध्ये मुलगी पुढे बसली आणि लगेच कानात हेडफोन घातले. अप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. बऱ्याच वेळाने मी विचारलं, "अप्पा, मग तुम्ही जेवत का नाही?"

"जेवतो की. सातला, नातीबरोबर. भात, आमटी, सगळं."

"मग माझ्याबरोबर परत ताट कशाला घेता?"

"तू एकटी जेवतेस म्हणून." मग खिडकीकडे बघतच म्हणाले, "ही गेल्यावर वर्षभर मी एकटा जेवलो. अन्न उतरत नाही गो. आणि नुसतं समोर बसून काय करायचं, काहीतरी बोलायला हवं. तुझं ऑफिसचं मला कळत नाही. माशांचं कळतं."

मला इतकी लाज आयुष्यात फार वेळा वाटलेली नाही. रोज एक माणूस माझ्या सोबतीसाठी पोळीचे तुकडे करत बसत होता, आणि मी त्या तुकड्यांची लक्षणं लिहीत होते.

त्या संध्याकाळी वाटलं, आज ते टेबलाशी येणार नाहीत. पण आले. ताट घेतलं, अर्धी पोळी घेतली, तुकडे करायला लागले. बोलत मात्र काहीच नव्हते. मला भाजीची चव लागत नव्हती. माफी मागायची तर सुरुवात कुठून करू, तेही समजेना. शेवटी मी विचारलं, "अप्पा, मोरीला दात असतात?"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

"असतात. शेकड्यांनी. पण बारके, काही कामाचे नाहीत." मग पोळीचा एक तुकडा त्यांनी भाजीत बुडवून तोंडात टाकला आणि टेबलावरचा माझा फोन बोटाने माझ्याकडे सरकवला. "घे. हेही लिहून घे."