डोर्काची किटली

कामीसबर्गच्या डोंगरात शेळ्यांचे तळ पुष्कळ. प्रत्येक तळावर विस्तव, आणि प्रत्येक विस्तवावर काजळलेली किटली. परका माणूस आला की नाव-गाव विचारायच्या आधी त्याच्या हातात चहाचा पत्र्याचा मग द्यायचा, ही आमच्याकडची रीत. अपवाद एकच. डोर्का ओवीसच्या तळावर परक्याला चहा मिळत नाही. गाडीतून उतरलेला माणूस नुसता उभा राहतो आणि डोर्का त्याच्याकडे अशी बघते, जणू तिची गाभण शेळी त्यानेच पळवली.

गावात तिला कंजूष म्हणतात. चर्चच्या पायरीवर उन्हाला बसणाऱ्या बायका म्हणतात, तिच्या किटलीला झाकण नाही, कुलूप आहे. हे डोर्काच्या कानावर जातं. ती जाऊ देते. खरं काय घडलं ते सांगायची तिला हौस नाही. दुसरं सांगू शकेल असा माणूस म्हणजे तिचा धाकटा भाऊ अपोल्स, आणि त्याला तोंड दाखवायला जागा नाही. मग हे काम आमच्यासारख्या रिकामटेकड्यांच्याच गळ्यात पडणार.

डोर्का गावाची तान्नी. तान्नी म्हणजे वयाने मावशी. जिभेने मात्र ती अख्ख्या गावाची सासू. जन्मली तळावरच, लव्हाळ्याच्या चटयांच्या गोल घरात. आई दिवसभर शेळ्यांमागे, बाप तांब्याच्या खाणीत. अपोल्स तेव्हा पाळण्यात होता, आणि पाळण्यातही तो कुणी हसून बोललं की पाघळायचा, असं डोर्का म्हणते. खेळायला कोण, तर तळामागच्या खडकाळ टेकडीवरचे वाटसरू.

वाटसरू म्हणजे आमचं कासव. नर काड्यापेटीहून जरासा मोठा, मादी फार तर साबणाच्या वडीएवढी. ज्याने त्याला वाटसरू हे नाव ठेवलं तो नक्की प्यायलेला असणार, कारण या प्राण्याला वाटेचं वावडंच आहे. दोन खडकांच्या फटीत जन्म, चपट्या दगडाखाली संसार. हिवाळ्यात पाऊस पडून गेला की कोवळी रसाळ पानं खायला चार हात बाहेर यायचं, आणि सावली हलली की परत फटीत. अंगावर काळे शिंतोडे, दगडावरही तसेच काळे शिंतोडे. डोळ्यांसमोर असलं तरी दिसत नाही. मादी एका वेळी एकच अंडं घालते. घरटी सहा-सहा पोरं असलेल्या आमच्या गावाला ही काटकसर कधी कळली नाही, आणि म्हणूनच ते किती झटकन संपेल हेही कळलं नाही.

डोर्काचं लग्न झालं. नवरा यॉस खाणीत गेला, खोकला घेऊन परत आला आणि वर्षाच्या आत मातीआड झाला. मूलबाळ नव्हतं. गावाने सांगितलं, आता तळ सोड, गावात राहायला ये, चर्चमध्ये गायला बायका कमी पडतात. डोर्का म्हणाली, तुमचं गाणं ऐकून शेळ्या आटतील, आणि तळावर परत गेली. तिथे चुलीमागच्या चपट्या दगडाखाली एक मादी राहायची, पाठीच्या कडेला टवका उडालेली. डोर्का तिला म्हातारी म्हणायची. सकाळी ऊन दगडावर आलं की म्हातारी बाहेर यायची, आणि डोर्का तिला रात्रीच्या स्वप्नापासून शेजाऱ्यांच्या भानगडींपर्यंत सगळं सांगायची. गावातल्या कुणाचीही गुपितं त्या कासवाइतकी कुणाला ठाऊक नसतील.

मग ते वर्ष आलं. फुलांचे दिवस होते. त्या दिवसांत आमच्या डोंगराला नारिंगी रंग चढतो आणि शहरातल्या लोकांना चळ लागतो. गाड्यांची रांग लागते, माणसं फुलांत लोळून फोटो काढतात आणि ज्या फुलांसाठी आले तीच चुरगळून जातात. डोर्का एक आजारी शेळी घेऊन गावात गेली होती. तळ अपोल्सवर सोपवला होता. परत आली तर टेकडीवरचे चपटे दगड उपडे पडलेले. पहारीने उचकटलेले, पोटाची पांढरी बाजू आभाळाकडे करून, मेलेल्या माशांसारखे.

आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं, की उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा. त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. ज्याने हे केलं त्याला हे माहीत नव्हतं असं नाही, त्याला पर्वाच नव्हती. डोर्काने फटी धुंडाळल्या. टेकडी रिकामी होती. चुलीमागचा दगड तेवढा जड, तो हलला नव्हता. म्हातारी वाचली होती, आणि पलीकडच्या अंगाला आणखी थोडी.

डोर्का जी भडकली, ती आजतागायत थंड झालेली नाही. पंधरा दिवस तिने फुलं बघायला येणाऱ्या प्रत्येकाला शिव्या घातल्या. एका म्हाताऱ्या जोडप्याला तर तिने त्यांच्याच गाडीत कोंडून गाडीची झडती घेतली. निघालं काय, तर उकडलेली अंडी. शहरातल्या वन्यप्राण्यांच्या ऑफिसातून दोन माणसं आली. त्यांनी सांगितलं, की ही कासवं मोज्यात गुंडाळून समुद्रापार नेतात, तिथे कुणाच्या तरी दिवाणखान्यात काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवतात, आणि बहुतेक मरतात. का ठेवतात, असं डोर्काने विचारलं. जगातलं सर्वांत लहान कासव म्हणून, असं उत्तर मिळालं. डोर्का म्हणाली, मग जगातला सर्वांत लहान मेंदू पण पेटीत ठेवा म्हणावं, आरसा लावला की झालं. त्या माणसांनी उपड्या दगडांचे फोटो काढले आणि पुन्हा कुणी दिसलं तर ताबडतोब फोन करा असं बजावलं. तळावर फोनला रेंज नाही. रेंजसाठी शेजारची टेकडी चढावी लागते, आणि तोवर चोर समुद्र गाठतो.

दगड परत लावायला अपोल्स रोज यायचा. न बोलावता यायचा आणि मरमर राबायचा. जो माणूस स्वतःच्या कुंपणाची पडलेली काठी वर्षभर उचलत नाही, तो पाठ मोडेपर्यंत दगड लावतोय, याचं डोर्काला नवल वाटायला हवं होतं. पण राग आला की माणसाला जवळचं दिसत नाही. अपोल्सच्या डोक्यावर त्या दिवसांत एक नवी कोरी टोपी होती, रुंद काठाची, चामड्याच्या पट्ट्याची. ती कुठून आली हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. डोर्का तळावर राहते, तिच्यापर्यंत कोण पोचवणार? आणि पोचवणाऱ्याची चामडी कोण वाचवणार?

मग डोर्काला युक्ती सुचली, आणि ती फक्त आमच्याच डोंगरात सुचू शकते. इथे कुरणं सगळ्यांची मिळून आहेत, शेळ्या एकमेकींत मिसळतात, म्हणून जो तो आपल्या शेळीवर आपल्या रंगाचा ठिपका लावतो. ठिपका असलेल्या शेळीला चोर हात लावत नाही, कारण ती कुणाची हे साऱ्या डोंगराला दिसतं. ओवीसांचा ठिपका लाल. डोर्काने रंगाचा डबा काढला आणि उरलेल्या प्रत्येक वाटसरूच्या पाठीवर लाल ठिपका लावला. डबा अपोल्सने धरला होता. युक्ती नामी आहे, असंही तोच म्हणाला. म्हातारीच्या पाठीवर डोर्काने सर्वांत मोठा ठिपका दिला, आणि तिला म्हणाली, आता तू ओवीसांची, तुला कोण नेतो बघू.

चोराने नेलं नाही, कावळ्यांनी नेलं. आमच्या डोंगरात पूर्वी पांढऱ्या छातीचे कावळे फारसे नव्हते; घरटं बांधायला उंच झाड कुठे आहे? मग विजेचे खांब आले, आणि कावळ्यांना आयती झाडं मिळाली. दगडावर दगडाच्या रंगाचं कासव कावळ्याला सहसा दिसत नाही. दगडावर लाल ठिपका मात्र त्याला आभाळातून दिसतो.

उन्हाळ्यात डोर्का हरवलेल्या करडाच्या मागे फिरत खांबांच्या रांगेखाली गेली. तिथे एका घरट्याखाली कासवांच्या रिकाम्या पाठी पडल्या होत्या, पोटातून कोरून खाल्लेल्या. एकेकीवर लाल ठिपका. त्यात एक कडेला टवका उडालेली.

डोर्काने ती पाठ झग्याच्या ओच्यात घेतली, तळावर आली आणि चुलीपाशी बसली. अपोल्स तिथेच होता. त्याने पाठ पाहिली आणि डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग त्याला राहवेना. त्याने सगळं ओकलं. फुलांच्या दिवसांत एक माणूस आला होता, फार गोड बोलणारा. ऊम अपोल्स, ऊम अपोल्स करत होता, म्हणजे काका, काका. अपोल्सला आयुष्यात इतक्या आदराने कुणी हाक मारली नव्हती, आणि नवी टोपी तर कुणीच दिली नव्हती. चुलीपाशी बसला, चहा प्याला, आणि मग विचारलं, की ती छोटी कासवं कुठे असतात, त्यांचे फोटो काढायचेत.

"आणि तू सांगितलंस," डोर्का म्हणाली.

"चहा प्यायला होता ना तो."

"मग चहा का दिलास?"

"पाहुणा होता, डोर्का."

इथे परक्याला थोडं सांगायला हवं. आमच्याकडे ज्याने तुमच्या विस्तवावरचा चहा घेतला, त्याच्याशी तुम्हाला खोटं बोलता येत नाही, आणि त्यालाही तुमच्याशी. बोललं तर शेळ्यांचं दूध आटतं. हसायचं असेल तर हसा, पण या डोंगरात अजून कुणी ते करून पाहिलेलं नाही. चहा देण्याआधी वाटेल त्या थापा मारा, माफ आहेत. एकदा चहा घोटला की संपलं.

"माझ्या मगातून?" डोर्काने विचारलं.

अपोल्सने मान डोलावली. तिच्याच मगातून.

डोर्का ओरडली नाही, आणि त्यानेच अपोल्स जास्त घाबरला. दुसऱ्या दिवशी टेकडीवर जी काय दोन-चार कासवं सापडली त्यांच्या पाठीवरचा रंग तिने मेंढीच्या शेपटीच्या चरबीने आणि बारीक वाळूने घासून काढला, तोंडाने अखंड शिव्या, त्यातल्या अर्ध्या अपोल्सला, अर्ध्या स्वतःला. त्यानंतर तिने टेकडीवर पाऊल ठेवलं नाही. अपोल्सला चुलीपाशी बसायची बंदी झाली. अख्खा हिवाळा ती त्याच्याशी शेळीमार्फत बोलली. शेळीला म्हणायची, सांग त्या टोपीवाल्याला, विहिरीची दोरी तुटलीय. अपोल्स शेळीलाच उत्तर द्यायचा. शेळी बिचारी कंटाळून गेली.

पुन्हा फुलं आली. आणि एके दुपारी पिकअपमधून तोच माणूस उतरला, तेच हसू घेऊन. गाडीच्या मागच्या भागात ताडपत्री होती, आणि ताडपत्रीखालून पहारीचं टोक डोकावत होतं. ते लपवायचीही तसदी त्याने घेतली नव्हती; इथे लपवायचं कुणापासून? त्याने लांब बसलेल्या अपोल्सला हात केला आणि डोर्कासमोर येऊन मान लववली.

"नमस्कार, तान्नी. मागच्या खेपेला तुमची भेट झाली नाही. चहा मात्र फार छान होता."

किटली उकळत होती. पाहुणा समोर होता. डोर्काचा हात आपोआप किटलीकडे गेला. साठीला आलेल्या बाईचा हात तो, जन्मभर एकाच वळणाने गेलेला. तिने कडी धरली. मग उठली, आणि किटलीतला सगळा चहा त्या माणसाच्या डोळ्यांदेखत राखेत ओतला. राख फसफसली, वाफ त्याच्या तोंडावर गेली. परक्यासमोर चहा ओतून देणं म्हणजे आमच्याकडे त्याच्या तोंडावर थुंकणं. आईने पाहिलं असतं तर कबरीतून उठून डोर्काच्या कानाखाली काढली असती.

त्या माणसाला काही कळलं नाही. किटली सांडली असं समजून त्याने हळहळ व्यक्त केली. म्हणाला, राहू द्या तान्नी, मला ती छोटी कासवं नुसती बघायचीत.

"मी इथे जन्मले," डोर्का म्हणाली. "मीही बघायला जात नाही आता. माझ्या पावलांची वाट पडते, आणि वाट पडली की तुझ्यासारखे त्या वाटेने येतात."

आणि मग ती अपोल्सकडे वळली. त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच शेळीला मध्ये न घालता.

"पाहुण्यांनी आज चहा घेतलेला नाही, अपोल्स," ती म्हणाली. "त्यांना वाट सांग."

अपोल्सने आधी तिच्याकडे बघितलं, नंतर ओल्या राखेकडे. मग त्याच्या तोंडावर हळूहळू उजेड पडला. तो उठला, टोपी नीट केली, आणि त्या माणसाला अगदी प्रेमाने सांगितलं, की इथली तर सगळी संपली, पण समुद्राच्या बाजूला, मिठाच्या सपाटीपलीकडे, एक काळी टेकडी आहे, तिथे बुटाखाली चिरडतील इतकी आहेत. वाळूचा रस्ता आहे, पण गाडी दणकट दिसते. तिथे टेकडी नाहीच. आहे ती चाळून काढल्यासारखी वाळू, चाकं आसापर्यंत गिळणारी. दोन दिवसांनी त्या माणसाला कुणा मेंढपाळाने ट्रॅक्टरने ओढून काढलं असं ऐकलं. चहा दिला की नाही, ते कळलं नाही.

पिकअपची धूळ खाली बसल्यावर डोर्काने नवं पाणी ठेवलं. चहा झाला. तिने तिचा तो पत्र्याचा मग भरला आणि अपोल्ससमोर धरला. तो चुलीपाशी बसला, त्या उन्हाळ्यानंतर प्रथमच, आणि त्याने दोन मोठे घोट घेतले.

"आता सांग," डोर्का म्हणाली. "अजून कुणाकुणाला सांगितलंस?"

त्याने मगाकडे बघितलं, बाहेर बांधलेल्या शेळ्यांकडे बघितलं.

"मागच्या वर्षी त्याच्यासोबत एकजण होता," तो म्हणाला. "गाडीतच बसलेला. त्यानेही चहा घेतला होता."

डोर्काने काठी उचलली नाही. डोक्यावरची टोपी तेवढी काढून घेतली आणि चुलीत घातली. चामडं जळल्याचा वास सगळ्या तळावर पसरला, आणि दोघं भावंडं तो वास घेत रस्त्याकडे बघत बसून राहिली. किटली मात्र तिने विस्तवावरून उतरवून मागे ठेवली. अजून एकजण यायचा आहे.