साडेअकरा सूत

आमच्या ह्यांना बोलायचा कंटाळा आहे, असं हल्ली लोक म्हणतात. खोटं आहे. लग्न झालं तेव्हा हा माणूस इतका बोलायचा की सासूबाई ओरडायच्या, "भय्या, आधी घास तर गिळ!" आणि बोलायचे काय, तर आकडे. पावकी, निमकी, दिडकी, सगळं तोंडपाठ. औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. माझ्या मुलांना तर हा शब्दही ठाऊक नाही. अधारतालचं हे घर बांधलं, तेव्हा मिस्त्रीनं टेप उघडेपर्यंत यांनी किती फरश्या लागतील ते सांगून टाकलं होतं, वर तुटफुटीच्या सहा धरून. मला तेव्हा कौतुक वाटायचं. पुढे वैताग आला. भाजी चिरताना कोणाला दिडकी ऐकायची असते हो?

छत्तीस वर्षं यांनी डिफेन्सच्या फॅक्टरीत लेथवर काढली. रिटायर झाल्यावर मीच म्हटलं, घरी बसून माझं डोकं खाऊन राहिले, त्यापेक्षा जा कुठं. मग रिछाईच्या एका छोट्या कारखान्यात चेकिंगला लागले. तयार माल मापायचा आणि कार्डावर सही करायची. सगळे भय्यासाहेब म्हणत. काही अडलं की यांना विचारत, आणि हे उभ्या उभ्या सांगत. घरी येत तेव्हा चेहरा खुललेला असायचा.

मग ती स्क्रीनवाली मशीन आली. ती चालवायला अनुपम. आपल्याच लोकांतला, मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इकडच्या हिंदीत देतो. गुणी आहे. वर्षाची मुलगी आहे त्याला. तो यांना मान द्यायचा, पण हिशेब आला की म्हणायचा, "काका, रहने दो, फोन बता देगा." आणि फोन सांगायचाच की! काय बोलणार?

डिसेंबरात यांनी एकदा ओरडून मशीन थांबवायला लावली. निघालं काय, आकडा बरोबर होता, यांनीच तीनचा आठ वाचला होता. सगळे हसले. सेठजी म्हणाले, "अंकल जी, मशीन को भी कुछ काम करने दीजिए." त्या दिवसापासून यांनी तोंडाला कुलूप लावलं. घरीसुद्धा. ताट ओढायचं, खायचं, झोपायचं. मी म्हटलं, "काहून असे बसले?" तर म्हणे, "थकलो, शकु." एवढंच.

फेब्रुवारीत मझौलीच्या नथ्थूची ऑर्डर आली. तो थ्रेशर दुरुस्त करतो. गव्हाच्या मळणीआधी त्याला चाळीस शाफ्ट हवे होते. जुना माणूस, त्याचं माप सुतात. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. आपल्याकडे लोहार-मिस्त्री सगळे त्यातच बोलतात. चिठ्ठीवर लिहिलेलं, जाडी साडेअकरा सूत. अनुपम मिलिमीटरवर शिकलेला. त्याला वाटलं, इंचाचे दहा भाग. म्हणजे एक पॉइंट पंधरा इंच. ते फोनमध्ये घातलं. फोन म्हणाला, एकोणतीस मिलिमीटर आणि वर थोडं. फोनची काय चूक? विचारलं तेवढं त्यानं सांगितलं. तेच माप कार्डावर चढलं, तेच मशीनमध्ये गेलं.

माल नेल्यावर चार दिवसांनी नथ्थू तो सगळा टेम्पोत घालून परत घेऊन आला. शाफ्ट बेअरिंगमध्ये खुळखुळत होता. जाड लोखंड तासून बारीक करता येतं, बारीक झालेलं जाड कसं करणार? चाळीसही भंगारात. अनुपमला सेठजींनी त्याच दुपारी काढलं. यांना कोणी काही म्हटलं नाही. यांचं काम कार्डाशी माप जुळवायचं, आणि ते जुळत होतं.

रविवारी अनुपम घरी आला. दाढी वाढलेली. चहा पुढ्यात गार करत म्हणाला, "काका, आप सेठजी से एक बार बोलिए ना. आपकी बात रखेंगे." हे खाली मान घालून बसले. मला राग यायला लागला. अरे, दोन शब्द बोलायला काय जातं?

मग हे म्हणाले, "मी पाहिलं होतं, अनुपम."

"क्या, काका?"

"चिठ्ठी कार्डाला टाचलेली होती. बारा सूत म्हणजे दीड इंच, त्यात अर्धा सूत कमी. साडेछत्तीस मिलिमीटर. तू एकोणतीस टाकलं, ते मी पाहिलं होतं. मशीन सुरूही झाली नव्हती."

मी हातातली बशी खाली ठेवली.

"आणि चाळीस शाफ्ट मापले मी," हे म्हणाले. "चाळीस सह्या केल्या. वाटलं, बोललो तर पुन्हा हसतील. थकवा आला होता रे."

अनुपमनं गार झालेला कप बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाला, "तो यही सेठजी को बता दीजिए." आणि उठून गेला. मी यांना वाट्टेल ते बोलले. पोराचं घर आहे, लेकरू आहे, आणि तुम्ही सह्या करत बसलात! लाज नाही वाटली? 

सोमवारी हे कारखान्यात गेले आणि दोनलाच परत आले. बूट न काढता खुर्चीत बसले.

"सांगितलं?"

"सगळं सांगितलं. लिहून देतो म्हटलं."

"मग?"

"सेठजींनी फोन काढला. साडेअकरा भागिले आठ, गुणिले पंचवीस पॉइंट चार. एकदा चुकले, परत केलं. साडेछत्तीसच आलं. मग हसायला लागले. म्हणाले, अंकल जी, परवा तीनचा आठ वाचलात, आणि हे तुम्ही उभ्या उभ्या मनात केलं? पोराला वाचवायला एवढं खोटं बोलू नका."

"अहो, मग म्हणायचं ना, दुसरा एखादा हिशेब विचारून बघा!"

"म्हटलं. नाही विचारलं त्यांनी. म्हणाले, दिल आपका बड़ा है. चहा मागवला माझ्यासाठी." हे वाकून बुटाची नाडी सोडायला लागले. "मी प्यायलो, शकु."

तेवढ्यात फोन वाजला. अनुपमच होता. कोणावरच राग काढायचं त्राण मला उरलं नव्हतं. मी स्पीकर लावून फोन यांच्या पुढ्यात ठेवला.

"नाही जमलं रे," हे म्हणाले. "मी पाहिलं होतं, यावर त्यांचा विश्वासच बसला नाही."

तिकडे मुलगी रडत होती. अनुपम तिला थोपटत होता बहुतेक.

"सच कहूँ काका," तो म्हणाला, "मुझे भी यकीन नहीं हुआ था. लगा, मेरा मन रखने को बोल रहे हैं."