थ्री फेजची मतमोजणी

शिवकन्येची पहिली स्पर्धा मेंढरांमागं झाली. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची सुट्टी होती. बंकट, म्हणजे तिचा बाप, बाभळीखाली भाकर खात होता, मेंढरं कापूस वेचलेल्या रानात पांगली होती आणि ही बांधावर बसून मोबाइलवर दोन अंगठ्यांनी प्रोग्रॅम लिहीत होती. आता ह्याला वेडच म्हणायचं. दोन तासांत पाच गणितं. नुसतं उत्तर देऊन भागत नाही, उत्तर काढणारा प्रोग्रॅम लिहून पाठवायचा. पलीकडचं मशीन तो तपासून 'बरोबर' नाहीतर 'चूक' एवढंच सांगणार, कुठं चुकलं ते मेलं तरी सांगणार नाही. जगभरातली वीस हजार पोरं लॅपटॉप घेऊन बसलेली, आणि इकडं हिच्या एका मेंढीनं शेजाऱ्याच्या हरभऱ्यात तोंड घातलं. ती हाकलून येईपर्यंत बोट लागून अर्धा प्रोग्रॅम पुसला गेला होता.

एकही गणित सुटलं नाही. तरी यादीत तिच्यामागं चारशे माणसं निघाली आणि बाईसाहेब हरखून गेल्या.

"आबा, माझ्यामागं चारशे जण हायेत."

"आन् पुढं?" बंकटनं विचारलं.

"ते सोडा."

त्या चारशे माणसांनी नुसतं नाव नोंदवलं होतं, स्पर्धेला ती आलीच नव्हती, हे तिला फार पुढं कळलं. पण तोवर चटक लागली होती. महिनाभरानं कॉलेजच्या लॅबमध्ये पहिल्यांदा 'बरोबर' उमटलं, हिरव्या अक्षरांत, तेव्हा ती तडक जिना उतरून कँटीनवाल्याला सांगून आली. त्या बिचाऱ्याला काय कळणार? त्यानं एक भजं जास्त दिलं. तेव्हापासून ती त्या हिरव्या अक्षरांसाठी काय वाट्टेल ते करायला तयार असायची.

तिसऱ्या वर्षाला तिघांची टीम जमली. एक शिवकन्या. दुसरी दिंद्रुडची वैष्णवी, जिला कागद-पेन्सिल दिली की ती घर जळालं तरी उठायची नाही. तिसरा गेवराईचा रविराज, ज्याची बोटं डोक्याच्या पुढं पळायची. टीमचं नाव 'थ्री फेज'. तीन माणसं, म्हणून रविराजनं ठेवलं. आणि कधी गुल होईल सांगता येत नाही, म्हणून वैष्णवीनं ते मान्य केलं. गेवराईजवळच्या त्यांच्या कॉलेजातून आजवर कोणी अशा स्पर्धेत पहिली पायरीसुद्धा चढलं नव्हतं. ह्या रविवारी ती चढायची होती. सकाळी दहा ते तीन, पाच तास, तिघांत एकच कॉम्प्युटर, राज्यभरातल्या दोनशे टीम, आणि पहिल्या पंधरा पुढच्या फेरीला पुण्यात जाणार.

आता परमेश्वर काकाचं सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ त्यानंच घातला. खरं तर घोळ शिवकन्येचाच.

परमेश्वर काका म्हणजे बंकटचा धाकटा भाऊ. उमापूरच्या ग्रामपंचायतीला तीनदा उभा राहिला, तीनदा पडला. पहिल्यांदा चाळीस मतांनी, दुसऱ्यांदा नऊ, तिसऱ्यांदा तीन. "जवळ जवळ येत चाललोय," असं तो स्वतःच सांगायचा. तिन्ही वेळा त्याला आप्पारावनं पाडलं आणि तिन्ही वेळा गुलाल आप्पारावच्या दारात उधळला. काका दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलावर नेहमीच्या बाकड्यावर येऊन चहा पिणार, कोणी हसलं तर स्वतःही हसणार. माणूस सोन्यासारखा, पण निवडणुकीचं वारं अंगात भिनलेलं. त्यानं शिवकन्येच्या मागं भुणभुण लावली, "तुझं ते नेमकं असतं कसं? आमाला इथून दिसंल का?" तिनं घाईत लिंक पाठवली आणि म्हणाली, "मतमोजणीसारखं असतंय काका. कोण आघाडीवर ते बोर्डावर दिसतं. पंधराच्या आत आलो की निवडून आलो." एवढं सांगितलं. शेवटच्या तासात बोर्ड गोठवून ठेवतात, कोणाचं काय झालं ते कोणालाच दाखवत नाहीत, हे सांगायचं राहून गेलं.

रविवारी लॅबमध्ये फोन डब्यात जमा झाले आणि दहा वाजता घड्याळ सुरू झालं. पहिली दोन गणितं अर्ध्या तासात सुटली. रविराज खुर्चीतच नाचायला लागला. तिसऱ्याला त्यानं न तपासता प्रोग्रॅम पाठवला. चूक. "थांब बे," शिवकन्या म्हणाली, तोवर त्यानं दुसऱ्यांदा पाठवला. पुन्हा चूक. ह्या स्पर्धेत प्रत्येक चुकीला वीस मिनिटांचा दंड असतो. दोन टीमची गणितं सारखी झाली की जिची मिनिटं कमी, ती वर. म्हणजे चाळीस मिनिटं पाण्यात गेली. वैष्णवीनं कागदावरून मान न उचलता सांगितलं, "आकडा मोठा होतोय, डबा छोटा घेतलायस. सांडणारच की." आकडा साठवायला प्रोग्रॅममध्ये ठेवलेल्या जागेला ती डबा म्हणायची. डबा बदलला, हिरवं झालं. मग चौथं. दोन वाजता बोर्ड गोठला तेव्हा थ्री फेज बाराव्या नंबरावर होती.

पाचव्यानं मात्र घाम फोडला. अडीच वाजले, वैष्णवीची पाच पानं खाडाखोडीनं भरली. पावणेतीनला तिनं सहावं पान शिवकन्येसमोर सरकवलं, "असं उलटं, शेवटाकडून मोजत आलं तर?" शिवकन्येनं रविराजला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. कसं लिहिलं ते तिला आजही धड आठवत नाही. तीनला एक मिनिट कमी असताना तिनं पाठवण्याचं बटण दाबलं. पडद्यावर आलं, 'रांगेत'. तिघं श्वास रोखून बसले. घड्याळ शून्यावर गेलं, पान बंद झालं, आणि शेवटपर्यंत तिथं 'रांगेत'च होतं. निकाल सहा वाजता.

डब्यातून फोन घेतला तर सत्तावीस मिस्ड कॉल. खाली फोटो. परमेश्वर काका डोक्यापासून चपलेपर्यंत गुलाबी, मागं डीजेची गाडी, आणि खाली लिहिलेलं, 'निवडून आलो'.

झालं असं, की दोन वाजल्यानंतर बोर्डावरचे नंबर हलायचे बंद झाले. काकानं अर्धा तास वाट पाहिली, फोन बंद करून चालू केला, पोरांच्या फोनवर बघितलं. कोणी खाली येईना, कोणी वर जाईना. मोजणी संपल्याशिवाय आकडे थांबतात का कुठं? बारावा नंबर, घेणार पंधरा. काकानं गुलालाचं पोतं फोडलं.

रविराज हसत हसत लॅबच्या फरशीवर बसला. शिवकन्येनं काकाला फोन लावला. "काका, निकाल लागायचाय अजून, सहाला हाय," ती ओरडून सांगत होती, आणि पलीकडून डीजेच्या दणक्यात काका ओरडत होता, "हां, सहालाच काढू मिरवणूक, ये तू लवकर." असला तमाशा पुन्हा बघायला मिळायचा नाही म्हणून रविराज आणि वैष्णवीही निघाले. काळी-पिवळीत तिघं मागं कोंबून बसले. शिवकन्येला रडावं का हसावं कळेना, म्हणून ती आळीपाळीनं दोन्ही करत होती.

उमापूरच्या फाट्यावर फ्लेक्स लागला होता. दोन तासांत गेवराईहून छापून आणलेला, दुकानदाराकडं तयार असलेल्या साच्यात. 'आंतरराष्ट्रीय संगणक स्पर्धेत प्रचंड बहुमताने विजयी झाल्याबद्दल कु. शिवकन्या हिचे हार्दिक अभिनंदन.' तिचा फोटो दहावीच्या ओळखपत्रावरचा. काकाचा फोटो काळा चष्मा लावून, फोन कानाला, तिच्या दुप्पट.

तिनं काकाला हाताला धरून मिरवणुकीसाठी आणलेल्या ट्रॅक्टरच्या मागं नेलं आणि एका दमात सगळं सांगितलं. बोर्ड थांबवलेला असतो. शेवटचा तास अजून उघडायचाय. मागच्या टीम आपल्या पुढं गेल्या असतील.

काकाचं तोंड गुलालाखालीही उतरलेलं दिसलं. "म्हणजे शेवटची फेरी बाकी हाय?"

"हां."

"मला पडायची सवय हाय, बाई. चौथ्यांदा पडलो तर काय बी बिघडत न्हाई. पण या बारीला फ्लेक्सवर तुझं नाव हाय. गाव तुला हसंल, माझ्यापायी." तो चाकाला टेकून उभा राहिला. "तुमी शेवटच्या तासात काय केलं?"

"एक पाठवलंय. बरोबर का चूक, ठाऊक न्हाई."

"मग जीव हाय अजून," काका म्हणाला, आणि ग्रामपंचायतीतला मोठा टीव्ही ओट्यावर आणायला पोरं पिटाळली.

सहा वाजता अख्खं गाव ओट्यासमोर. बोर्ड खालून वर उघडत जातो: सगळ्यात मागच्या टीमचं झाकलेलं घर उघडायचं, लाल निघालं तर ती तिथंच राहिली, हिरवं निघालं तर वर उडी. शिवकन्या हळूच सांगायची आणि काका माइकवर गावाला सांगायचा, "लक्ष द्या, आता मागचे उघडायलेत." खालची एक टीम हिरवी झाली, टुणकन वर गेली, थ्री फेज तेरावी. आणखी एक, चौदावी. आणखी दोन. गावाच्या ध्यानात आलं की आपलं काहीतरी बिघडतंय. डीजेवाल्यानं आपण होऊन आवाज कमी केला. सतरा, अठरा, एकोणीस. आणि मग पडद्यावरचा उजळ पट्टा थ्री फेजच्याच नावावर येऊन थांबला. पाचव्या गणिताचं घर लुकलुकायला लागलं. शिवकन्येनं वैष्णवीचा हात इतका दाबला की तिच्या बांगडीचे दोन तुकडे झाले.

हिरवं.

नाव वर उडालं आणि उमापूर उसळलं. डीजे फुटला, रविराजला कोणीतरी खांद्यावर घेतलं, वैष्णवी जन्मात नाचली नव्हती ती नाचायला लागली, रतनबाईनं, शिवकन्येच्या आईनं, लेकीच्या तोंडात सगळा पेढा कोंबला. शिवकन्येलाही दोन-चार उड्या आवरल्या नाहीत. उलटं मोजलेलं बरोबर निघालं होतं. त्या क्षणी तिला पुण्याचंही भान नव्हतं. मग तिनं टीव्हीकडं पाहिलं. सोळा. मागच्या तिघांची घरं उघडली, तिन्ही लाल. सोळावा नंबर पक्का झाला.

सगळं गाव नाचत होतं आणि काका एकटा तिच्याकडं बघत उभा होता. असलं तोंड त्यानं आरशात तीनदा पाहिलेलं.

"कितीनं?" त्यानं विचारलं.

"अकरा मिनिटांनी."

काकानं माइक तोंडाशी नेला, पण शिवकन्येनं तो काढून घेतला. पेढा अजून गालात होता. "ऐका जरा. आपण सोळावे आलोत. पंधराच घेणार होते. पडलो आपण. काकांची चूक न्हाई, बोर्ड थांबतो हे मीच सांगितलं न्हाई त्यास्नी."

डीजे बंद झाला. ती वाट बघत राहिली, आता कोण हसतंय म्हणून.

पुढच्या ओळीतून आप्पाराव उठला, तोच तीनदा काकाला पाडणारा. "अकरा मिनिटं? एवढ्याश्यानं? कुठल्या बूथवर गेली?"

आणि मग काय विचारता. ओट्यावर पराभवाचं चिंतन बसलं. रविराजला समोर उभं केलं. तिसऱ्या गणिताला चाळीस मिनिटं गेली हे निघालं. कशापायी गेली? मोठा आकडा छोट्या डब्यात भरला म्हणून. एक म्हातारा म्हणाला, पोरगं घाईचं हाय, त्याचा बाप बी तसलाच. रतनबाई मागून म्हणाली, "मग पहिल्यापासून सगळीकडं मोठाच डबा घ्यायचा की. काय जातंय?" तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. जगातली पट्टीची पोरं हेच करतात, आणि हे तीन वर्षांत रविराजच्या टाळक्यात शिरलं नव्हतं. वैष्णवीनं ते कागदावर लिहून घेतलं. शिवकन्येला हसू फुटलं ते थांबेचना, तिच्या हसण्यानं गाव हसायला लागलं, आणि ते हसणं तिला अजिबात लागलं नाही.

परमेश्वर काका पायरीवर बसला होता. ती जवळ जाऊन बसली.

"आता पुढची कधी?" त्यानं विचारलं. "पाच वर्षांनी?"

"ही पुढच्या साली. बाकीच्या चालूच असतात की काका. मंगळवारी हाय एक."

"कोणत्या मंगळवारी?"

"परवा."

काका तिच्याकडं बघतच राहिला. "आज पडलं, की परवा पुन्हा उभं राहायचं?"

"हां. मग शुक्रवारी."

"डिपॉझिट?"

"न्हाई."

"पक्षाचं तिकीट? वयाची अट?"

"काहीच न्हाई. नुसतं नाव टाकायचं."

"आन् पडलेल्याला पुन्हा घेतात?"

"काका, तिथं सगळे पडलेलेच असतात. मी साठ वेळा पडलेय."

काकानं गुलालानं भरलेले हात धोतराला पुसले, खिशातून आपला फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

"माझा बी अर्ज भर," तो म्हणाला.