प्रॉम्प्टर साडभाऊ

मोबाइलचा शोध एकमेकांशी बोलण्यासाठी नव्हे, तर जुनी संस्कृत नाटकं शिकवण्यासाठी लागला, अशी ठाम समजूत असलेला जगातला एकमेव माणूस माझा साडभाऊ आहे. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तिकडे पुण्याकडे याला साडू म्हणतात, पण त्या शब्दात आमच्यातला जिव्हाळा काही उतरत नाही. भंडाऱ्यात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि गावातल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात ते संस्कृत शिकवायचे. अंगानं किडकिडीत, डोक्याला बारा महिने दुपट्टा, आणि लांबलचक वाक्य सुरू करण्याआधी दोनदा खाकरायची सवय. पहिलं खाकरणं गळा साफ करण्यासाठी आणि दुसरं समोरच्याला सावध करण्यासाठी असावं, असा माझा अंदाज आहे.

त्यांचा स्वभाव कळायला आधी त्यांची जवानी कळली पाहिजे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईत नाटक होतं. नट आज या गावाला, उद्या त्या गावाला. पाठांतराला सवड कुणाला? म्हणून रंगमंचाच्या पुढ्यात, लोकांना दिसणार नाही अशा बेतानं एक प्रॉम्प्टर बसतो. तो वाक्य हळूच पुरवतो आणि नट ते झेलून गर्जना करतो. साडभाऊ कॉलेजात असल्यापासून हे काम करत. पुढे नोकरी लागली, मंडईतलं बसणं सुटलं, पण पुरवण्याची सवय काही सुटली नाही. माणूस बोलताना जरा अडखळला की साडभाऊ त्याचं पुढचं वाक्य खालच्या आवाजात हजर करत. लग्नात मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी श्वास घ्यायला थांबले, तर पुढची ओळ यांच्याकडून यायची. एकदा मयतीच्या घरी मला काय बोलावं ते सुचेना, तर कानाशी आवाज आला, "म्हातारा सोन्यासारखा माणूस होता, म्हणा." मी म्हटलं. म्हातारा माझ्याशी जन्मभर भांडलेला होता, पण त्या वेळी मला ते वाक्य खरंच वाटलं. माझी मेहुणी मात्र या सवयीला वैतागलेली होती. "याईच्या संगं धड भांडता येत नाई," ती माझ्या बायकोला सांगायची, "मी दम खायले थांबली का पुढचं हेच सांगतात मले."

या माणसाची आयुष्यात एकच इच्छा होती. त्यांचं लाडकं एक जुनं, सात अंकी संस्कृत नाटक होतं. त्याचं मराठी रूपांतर त्यांनी स्वतः केलं होतं. त्याचे सातही अंक एकदा, फक्त एकदा, आपल्या विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकायचे, एवढंच त्यांना हवं होतं. पण स्नेहसंमेलनात प्राचार्य दरवर्षी त्यांना एकच प्रवेश देत, कारण त्याच्यामागे रेकॉर्ड डान्सची मुलं नटूनथटून उभी असत. राजा शिकारीला निघायचा आणि पडदा पडायचा. वर्षानुवर्षं साडभाऊंचा राजा शिकारीहून परत काही आला नाही. मग निवृत्तीचं वर्ष उगवलं आणि नेमकं त्याच वर्षी महामारीनं कॉलेजं बंद केली. होस्टेलची मुलं आपापल्या गावी गेली. आम्हाला वाटलं, आता या माणसाचं कसं होणार? तर साडभाऊ आमच्याकडे आले आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाले, "संमेलन नाही, म्हणजे डान्सही नाही. आता मले कोण थांबवते?"

त्या दिवसापासून त्यांचा मोबाइल म्हणजे नाट्यगृह झालं. राणीचं काम प्रणाली नावाच्या मुलीकडे होतं. ती होती नाकाडोंगरीला, आणि तिला रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळायची, त्यामुळे राणीच्या विरहात बगळे आणि बकऱ्या कायम सामील असत. राजा मोहाडीचा. त्याच्या घरी एकच फोन, तो बापासोबत धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, जायचा, म्हणून राजा तालमीला बांधीतच उभा राहायचा. कंचुकी, म्हणजे अंतःपुरातला म्हातारा सेवक, लाखांदूरकडचा. त्याच्याजवळ साधा बटणांचा फोन. त्याला साडभाऊ मेहुणीच्या बटणांच्या फोनवरून लावत आणि तो फोन आपल्या मोबाइलच्या तोंडाला तोंड लावून रबरानं बांधत. मेहुणीचा फोन महिनोन्‌महिने दुसऱ्या फोनच्या मिठीत असल्यामुळे तिच्या माहेरचे लोक तिच्यावर रागावले होते.

आणि शिकवणं तरी काय! संस्कृत नाटकात जनांतिक म्हणून एक प्रकार असतो. पात्र हात आडवा धरून दुसऱ्या एकाच पात्राशी बोलतं, आणि बाकीच्यांना ते ऐकू आलं नाही असं सगळ्यांनी मानायचं. ही गोष्ट साडभाऊंनी वर्गात जन्मभर खडू झिजवून सांगितली, कुणाच्या डोक्यात शिरली नाही. फोनवर त्यांनी सुरुवात केली मात्र, प्रणाली म्हणाली, "म्हणजे सर, ग्रुपवर नाई टाकायचं, पर्सनलवर टाकायचं." आनंदाच्या भरात साडभाऊ त्या दिवशी जेवलेच नाहीत. स्वगत म्हणजे आपला माईक बंद आहे असं समजून बोलायचं, प्रवेश म्हणजे माईक उघडायचा, असं सगळं शास्त्र त्यांनी त्या एवढ्याशा यंत्रात बसवलं. रोज पहाटे उठून ते एकेक भाषण स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून मुलांना पाठवत. पाठ करा असं मात्र चुकूनही म्हणत नसत. नाटक म्हटलं की प्रॉम्प्टर असणारच, आणि तो असताना पाठांतर म्हणजे त्याचा अपमान, हे झाडीपट्टीचं रीतसर मत होतं.

निवृत्तीच्या आधीच्या रविवारी, मे महिन्यात, दुपारी नाटक ठरलं. प्राचार्य, मुलांचे आईबाप आणि आम्ही सगळे आपापल्या फोनवर प्रेक्षक. मी आणि बायको कुलरसमोर बसून ऐकत होतो. राजा शिकारीला गेला आणि, काय सांगू, परत आला. साडभाऊंचा दबका आवाज ओळी पुरवत होता आणि मुलं त्या उचलत होती. तिसरा अंक संपला, चौथा सुरू झाला आणि तो दबका आवाज एकाएकी गेला. रेंज पक्की मिळावी म्हणून साडभाऊंनी फोन खिडकीत ठेवला होता. भंडाऱ्याच्या मे महिन्यात दुपारच्या उन्हात ठेवलेल्या फोनचं जे व्हायचं ते झालं. तो तापून बंद पडला. त्याच्याबरोबर कंचुकीही गेला.

मग राजा म्हणाला, "सरचा आवाज नाई येऊन राहिला." प्राचार्य म्हणाले, "मग इथंच थांबवायचं का?" माझ्या बायकोनं माझा हात धरला. आम्हा दोघांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट आली, की या माणसाचं नाटक आजही अर्ध्यावरच राहणार.

तेवढ्यात तलावाच्या पाळीवरून कुणीतरी दोनदा खाकरलं. अगदी साडभाऊंसारखं. आणि प्रणाली बोलायला लागली, "हे नाथ, हा विरहाचा अग्नी, चहा ठेव तिथं, माझं सर्वांग जाळतो आहे." पहाटेच्या रेकॉर्डिंगमध्ये साडभाऊंनी मेहुणीला जे सांगितलं होतं, ते राणीच्या विरहात पक्कं बसलं होतं. पोरीनं ते भाषण इतक्या वेळा ऐकलं होतं की तिला ते न ठरवता पाठ झालं होतं. "हे मूळ संहितेत आहे का?" प्राचार्यांनी विचारलं. तोवर राजानंही खाकरून घेतलं होतं. त्यानं शेजारच्याचा फोन मागून कंचुकीला लावला, दोन फोन एकमेकांना भिडवले, आणि नाटक पुढे चालू लागलं.

आमचं दार उघडलं ते याच वेळी. दारात साडभाऊ, अनवाणी, दुपट्टा गळ्यात लोंबत, हातात वही. "फोन द्या जी, फोन द्या," म्हणत त्यांनी माझा फोन घेतला, माईकच्या खुणेवर बोट नेलं आणि ऐकून तसेच उभे राहिले. बोट तिथेच राहिलं. पुढचे अंक ते उभ्यानंच ऐकत होते, ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता. सहाव्या अंकात राजा अडला. साडभाऊंचं बोट खाली येणार, एवढ्यात प्रणालीनं खालच्या आवाजात त्याला त्याची ओळ पुरवली. साडभाऊंनी फोन हलकेच टेबलावर ठेवला, वही मिटली आणि खुर्चीत बसले. "आता माह्यं काय काम?" ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसूही थांबत नव्हतं. सातवा अंक संपला तेव्हा मीही रडत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर साडभाऊंनी कुणालाच ओळ पुरवली नाही. मेहुणीला याचंही बरं वाटत नाही. "मी भांडता भांडता थांबली तं हे पण थांबतात," ती म्हणते, "सांगा नं पुढचं म्हणलं तं हसतात नुसते." मुलं पांगली, कुणी नागपूरला, कुणी शेतीत, आणि तो ग्रुप आता फक्त सणावाराला हलतो. साडभाऊ ओसरीवर फोन पुढ्यात घेऊन बसलेले दिसतात. मी जाता-येता दोन शब्द बोलतो आणि पुढे जातो.

परवा त्यांनी मला हाक मारून थांबवलं. प्रणाली आता तिकडे तुमसरकडे एका शाळेत शिकवते. तिनं आपल्या मुलांसाठी त्याच नाटकातलं राणीचं भाषण रेकॉर्ड केलं होतं आणि तपासायला सरांना पाठवलं होतं. आम्ही दोघांनी ऐकलं. चहा आता त्यात नव्हता. पण प्रत्येक लांब वाक्याच्या आधी ती न चुकता दोनदा खाकरत होती.

"तिला सांगा, एवढं खाकरणं काढून टाक म्हणावं," मी म्हणालो.

साडभाऊंनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. "राहू द्या," ते म्हणाले. "तेवढं माह्यं आहे."