घोट्याकडे बघणारा दत्ताराम

दत्ताराम माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचाच नाही. आधी घोट्याकडे बघायचा, मग गुडघ्याकडे, आणि मग सावकाश वर येत तोंडापर्यंत पोचला तर पोचला. पहिल्या भेटीत मला रागच आला होता. म्हटलं, हा काय बाप्या आहे, म्हातारीच्या पायांकडे टक लावून बघतोय! मी पदर सारखा केला, पातळ खाली ओढलं, तर म्हणतो कसा, "काकी, उजव्या पायावर भार टाकत नाय तुम्ही. पडला होतात काय?"

पडले होते. न्हाणीघरात, आठ दिवसांपूर्वी. मुलाला नाही, सुनेला नाही, कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं की यांचं सुरू होतं, आई तू एकटी राहू नको, आई तू हे करू नको. आणि हा परका माणूस मैदानाच्या कडेला उभा राहून माझं गुपित वाचत होता.

"चेहरा फसवतो काकी," तो म्हणाला, "घोटा नाय फसवत. माणूस कुठं पळणार हाय ते घोट्याला आधी कळतं, त्याला स्वतःला मागनं."

ही गोष्ट मस्कतजवळच्या अल अमेरातच्या मैदानावरची. माझी नात अन्वी अकरावीत. तिच्या शाळेच्या मुलींचा रग्बीचा संघ निघाला होता. सून दवाखान्यात नर्स, तिची शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशीही ड्यूटी. मुलगा साइटवर. म्हणून पोरीला सोबत मी. सकाळी बुद्धवंदना आटोपायची, घडीची खुर्ची, पाण्याची बाटली आणि डब्यात भाकरी घ्यायची आणि जाऊन बसायचं. तीन बाजूंनी करपलेले डोंगर, झाड म्हणून एक नाही, आणि मधे हिरवं प्लास्टिकचं गवत. जालन्याकडच्या बाईला त्या डोंगरांचं काही वाटलं नाही, पण प्लास्टिकच्या गवताचं हसू आलं.

रग्बी म्हणजे काय, हे मला त्या वयात कोण सांगणार? चौथी शिकलेली मी. पुढचं सगळं वर्तमानपत्र वाचून आणि चार माणसांना विचारून. दत्तारामालाच विचारलं. त्याने दोन मिनिटांत सांगितलं, "यातला हा लीग म्हणून प्रकार हाय काकी. चेंडू अंड्यासारखा. आपण पुढं पळायचं, पण चेंडू दुसरीला देताना मागंच द्यायचा. त्यांनी पकडलं की एक. अशी सहा वेळा पकडली गेली की डाव त्यांचा. आणि पलीकडच्या रेषेपल्याड चेंडू जमिनीला टेकवला की गुण. बाकी सगळी कबड्डीच."

त्याला सगळी कबड्डीच वाटायची, कारण तो मुळात कबड्डीचाच. संगमेश्वराकडचा. तरणा असताना घोटापकडीसाठी तालुक्यात नाव होतं म्हणे. पोटासाठी इकडे आला तो सोहारच्या औद्योगिक वसाहतीत फिटर म्हणून, पुढे फोरमन झाला. तिथे कामगारांच्या खेळांत एका इंग्रज साहेबाने त्याची पकड पाहिली आणि आपल्या संध्याकाळच्या रग्बीत ओढून नेला. साहेब गेला आपल्या देशी, खेळ दत्तारामाकडे राहिला. मग दर शुक्रवारी पहाटे सोहारहून गाडी काढायची, अडीच तास हाकत यायचं आणि या पोरींना शिकवायचं. पगार नाही, भत्ता नाही. शाळेच्या मिनी टीचर प्रत्येक वेळी पेट्रोलचं विचारायच्या, आणि हा म्हणायचा, "टीचर, चाय पिलाव, खलास."

माझी भाकरी मात्र खायचा. खाताना टोमणे ठरलेले. "तुमच्याकडं पाणी नाय म्हणून भाकरी. आमच्याकडं बघा, भात नि मासळी." मी म्हणायची, "मग ठेव ना खाली." तर आधीच दुसरी उचललेली असायची.

मुली सगळ्या मिळून बारा-तेरा, म्हणून नऊ-नऊ जणींचा सामना खेळायच्या. मल्याळी, तमिळ, गुजराती, आमची एक मराठी. आपसांत इंग्रजी फाडायच्या. दत्तारामाचं इंग्रजी 'गुड' आणि 'नो गुड' एवढंच, बाकी हिंदी, तीही कोकणातून आलेली, आणि मधेमधे अरबांचं 'यल्ला', म्हणजे चला. पण त्याचं बोलणं कुणाला अडलं नाही. कंबर कशी धरायची, खांदा कुठे लावायचा, पडताना हनुवटी छातीला कशी लावायची, हे तो स्वतः पडून दाखवायचा. साठीला टेकलेला माणूस, पण पडला की मांजरासारखा उठायचा.

दुबईहून मुलींचा संघ आला तेव्हाची गंमत सांगते. आमचा पहिला परदेशी सामना. दत्तारामाने महिनाभर अंग मोकळं करायला म्हणून पोरींना दर शुक्रवारी कबड्डी खेळवली होती, आणि कबड्डीचा पहिला धडा दिला होता, 'आपल्याला हात लागला की हात वर करायचा आणि आपणहून बाहेर जायचं. पंचाची वाट बघायची नाय.' झालं! सामना सुरू झाला, रेश्मा नावाची आमची उंच मल्याळी मुलगी चेंडू घेऊन पळाली, दुबईच्या मुलीची बोटं तिच्या दंडाला लागली मात्र, हिने हात वर केला आणि चेंडू काखेत मारून थेट बाहेर चालू पडली! पंच बघतच राहिला. तिच्या मागोमाग दुसरी गेली. दुबईच्या पोरींना वाटलं, यांना काही लागलंबिगलं.

"अरे वापस जाओ!" दत्ताराम ओरडत कडेने धावला. "ये कबड्डी नहीं है गो!"

त्या दिवशी सपाटून हरले. गाडीत बसताना दत्ताराम हसून हसून रडत होता. पण पुढच्या शुक्रवारी त्याने सगळ्यांना खाली बसवलं. मी ऐकत होते. "पंचाने देखा, वो पंच का," तो म्हणाला. "पंचाने नहीं देखा और तुमको मालूम है, वो तुम्हारा. उसके लिए हाथ ऊपर. बाकी किसीके लिए नहीं."

मी नंतर म्हटलं, "दत्ताराम, साधुसंतांचा खेळ करतोस की काय?"

"तसं नाय काकी," तो म्हणाला. "आमच्याकडं पंच असायचा आपल्याच वाडीचा. त्याच्यावर कोण भरोसा ठेवणार? मग काय, ज्याचं त्यानं सांगायचं, नायतर खेळ पुढंच जात नाय. मारामारीच."

दुसरा सामना श्रीलंकेच्या विद्यार्थिनींशी झाला, तोही हरले, पण थोडक्यात. आणि मग दत्तारामाला कंपनीचा कागद आला. साठ पूर्ण, आता घरी जायचं. तारीखही दिली. त्याने तारखा मोजल्या. जाण्याआधी एकच परदेशी सामना होता, लेबनॉनहून विद्यार्थिनींचा संघ येणार होता. त्या दिवसापासून त्याच्या तोंडी एकच वाक्य. "काकी, एकदा या पोरी बाहेरच्यांशी जिंकलेल्या बघायच्या हायत. मग विमानात बसतो खुशाल." चहा पिताना तेच, बूट बांधताना तेच. सरावाला दोनच शुक्रवार उरले होते, त्या दोन दिवसांचे त्याने चार केले. रजा टाकून मंगळवारीही येऊ लागला.

सामना मस्कतमधल्या मोठ्या मैदानावर होता, आणि तिथे नवीनच अडचण. कडेला उभं राहून सूचना द्यायला प्रशिक्षकाचा दाखला लागतो म्हणे. त्याची परीक्षा इंग्रजीत, संगणकावर. दत्ताराम दोनदा बसला होता, दोनदा नापास. मिनी टीचर त्या परीक्षेत पास, पण त्यांना पकड म्हणजे काय ते दत्तारामानेच शिकवलेलं! त्यांचे डोळे भरून आले. हा म्हणाला, "टीचर, टेन्शन नको. तुम नीचे, मैं ऊपर." आणि पायऱ्या चढून माझ्याशेजारी येऊन बसला. "आज मी पब्लिक, काकी."

पब्लिक कसला! त्याचे पाय बसल्या बसल्या धावत होते. ओरडायची सोय नाही, म्हणून तोंडातल्या तोंडात चाललेलं. "घोटा बघ... घोटा बघ गो... हां, घाल खांदा." लेबनॉनच्या मुली चांगल्या थोराड, वेगवान. तरी आमच्या पोरी चिवट. एक पडली की दुसरी हजर. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा त्यांचे बारा, आमचे दहा. एकदा रेषेपल्याड चेंडू टेकवला की चार गुण मिळतात. म्हणजे एकदा टेकवला की जिंकलो.

रेश्माने चेंडू काढला, मागे अन्वीला दिला. आमची अन्वी कडेकडेने सुटली. दत्तारामाने माझं मनगट धरलं. एकीला चुकवलं, दुसरी पाठीवर आली, तिला घेऊन ही तशीच पुढे पडली, कोपऱ्यात, रेषेच्या पलीकडे, चेंडूवर पालथी. पंच तिच्या पाठीमागून धावत आला, वाकून बघितलं, हाताने जमीन दाखवली. म्हणजे गुण दिला! खाली मुली एकमेकींच्या अंगावर उड्या मारू लागल्या. मी तर उभी राहून टाळ्या पिटत होते, दुखरा पाय कुठला आणि काय.

अन्वी उठली. चेंडूकडे बघितलं. आणि तिने हात वर केला.

मला काही कळेना. दत्तारामाला कळलं. आम्ही वर बसलो होतो म्हणून त्याने पाहिलं होतं. पडताना चेंडू तिच्या हातातून निसटून पुढे गेला होता आणि मग तिच्या छातीखाली आला होता. तसं झालं तर गुण नाही. पंचाला दिसलं नव्हतं. पाठीवर आलेल्या त्या पोरीलाही दिसलं नव्हतं. कुणालाच नाही.

माझं मनगट त्याने पिळवटून टाकलं होतं, आणि अगदी हळू, मला कसंबसं ऐकू येईल असं तो बोलत होता, "हात खाली घे. घे गो बाय, खाली घे. कोणी नाय बघितलं. बाय माझे, खाली घे हात."

तिने नाही घेतला. पंच तिच्याजवळ गेला, काहीतरी विचारलं, तिने मान हलवली. गुण रद्द झाला. मिनिटभराने शिट्टी वाजली. बारा-दहा.

दत्तारामाने माझं मनगट सोडलं. पाच बोटांचे वळ उठले होते. तो घोट्यांकडेही बघत नव्हता कुणाच्या. मला त्याचं फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "दत्ताराम, मी काही ऐकलं नाही रे."

"ऐकलंत तुम्ही, काकी," तो म्हणाला आणि उठला.

मी त्याच्यामागे एकेक पायरी उतरत गेले. खाली रडारड. रेश्मा अन्वीच्या तोंडावर ओरडत होती, "व्हाय, अन्वी? ही गेव्ह इट! व्हाय?" आणि आमची अन्वी मातीच्या पुतळ्यासारखी उभी. दोघी-तिघींनी तिच्याकडे पाठ फिरवलेली. दत्ताराम मधे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, आता शाबासकी देईल, पाठ थोपटेल, पोरी निवतील.

"सुनो सब," तो म्हणाला. "मैं ऊपर बैठा था. मैंने देखा बॉल छूटा. और मैं क्या बोल रहा था मालूम? हाथ नीचे कर. चार बार बोला. काकी को पूछो."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

मिनी टीचर म्हणाल्या, "दत्ताजी, जाने दीजिए ना." पण अन्वी पुढे आली. तिचं मराठी आधीच अडखळतं, त्यात रडू. "मग मामा... तुम्ही आम्हाला का शिकवला ते? तुम्हालाच नको होता तर का शिकवला?"

पोर चिडली होती, आणि तिचं बरोबर होतं. मी तिला गप्प करणार होते, पण दत्तारामाने हाताने थांबवलं.

"मला जमत नाय, म्हणून तर शिकवलं गो," तो म्हणाला. "ज्याला आपसूक जमतं, तो कशाला शिकवत बसेल?"

रेश्माला मराठी येत नाही. पण तीच आधी आली आणि अन्वीच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग बाकीच्या. दत्ताराम चेंडू गोळा करायला निघून गेला. आठ चेंडू होते. आठही एकेक करून पिशवीत भरले, कुणाला हात लावू दिला नाही.

मी पुष्कळ माणसं बघितली. चांगलं वागणारी बघितली, चांगलं बोलणारी तर पोत्याने बघितली. पण आपण जे शिकवलं त्यात आपणच कमी पडलो, हे सगळ्या पोरींसमोर, कुणी विचारलेलं नसताना सांगणारा मी हा एकच बघितला. हरल्याचं दुःख त्याला होतंच. ते त्याने लपवलंही नाही. माझ्याशी बोलताना म्हणाला, "जिंकलेलं बघायचं होतं काकी. आता नाय दिसणार." खोटं समाधान मानणाऱ्यातला तो नव्हे.

जायच्या आदल्या दिवशी जेवायला आला. मी मुद्दाम भात आणि सुरमई केली होती, तर म्हणतो, "आज भाकरी नाय?" अन्वी त्याच्या पाया पडायला वाकली, तसा मागे सरकला, "हे नको." मग तिला समोर बसवलं. मला वाटलं, जाताना चार शब्द सांगतोय पोरीला, ऐकू या.

"आता नीट ऐक," दत्ताराम म्हणाला. "तू पडतेस तेव्हा चेंडू एका हातात असतो. डाव्या. मी सहा महिने बोंबलतोय. दोन्ही हातांनी पोटाशी धर. मग निसटत नाय, आणि वर करायला हात पण मोकळा ऱ्हात नाय. कळलं?"

"कळला, मामा," अन्वी म्हणाली.

"काय कळला? उठ. दाखव." आणि जेवण तसंच ठेवून त्याने तिला आमच्या हॉलमध्ये, सतरंजीवर, उशी पोटाशी धरून सात वेळा पाडलं.